आवतन दिलेले बैल

आमचं गाव पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने हळद-तूप खांद्याला लावायचं आणि पाहुण्याला सांगावं तसं बैलांना सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या साली बाबांनी असं आवतन दिलं आणि पोळ्याच्या सकाळीच मोबाइलवर इशारा आला: वरच्या भागात मुसळधार पाऊस, नदीला पूर येणार, जनावरं उंचावर हलवा.

असले इशारे आमच्या गावात कुणी मनावर घेत नाही. बाबांनी घेतला. बैलजोडी माळावरच्या गावी, आत्याकडे न्यायची ठरवली. पारावरून टोमणा आलाच, "काहून भाऊ, पाहुणे न जेवताच निंगाले?"

आई म्हणाली, "नेताच तं गाडी जुंपा. तणसबी न्या."

तणस म्हणजे धानाचा पेंढा, बैलांचं वर्षाचं खाणं. आमचा सगळा ढीग नदीकडच्या खळ्यात होता. सणाच्या दिवशी ट्रॅक्टर मिळेना. गाडी दारात होती, बैलही दारात होते. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत.

"वर्षातून एक दिवस तं आहे त्याइचा," बाबा म्हणाले. "आज जुंपू?"

"मंग तिथं बैल का हवा खाऊन जगतीन?" मी म्हटलं. मी सणाला माहेरी आलेली, आणि पहिल्यापासून तोंडाळ. बाबांनी बैल सोडले. दोर हातात धरून ते बैलांना मोकळ्या खांद्यांनी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी खळ्यात शिरलं. उतरलं तेव्हा तणसाच्या जागी गाळ होता, बांधीतलं, म्हणजे शेतातलं, उभं धानही गाळाखाली. टोमणा मारणाऱ्याची जोडी दावणीलाच बुडाली. तो आमच्या ओसरीत येऊन रडला, "तुमी शायने निंगाले, भाऊ," म्हणाला.

कसले शहाणे! आत्याकडचं तणस तिच्याच जनावरांना पुरेना. बैल परत आणले. जे गवत उरलं त्यावर चिखलाचा लेप. बैल हुंगायचे आणि तोंड फिरवायचे. बाबा डोक्यावर पिंपळाचा पाला वाहून आणत. तरी हळूहळू बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. चारा विकत घ्यावा तर नदीकाठी गावोगाव तीच गत. शेवटी आत्याच्या गावापलीकडचा एक शेतकरी जोडी घ्यायला तयार झाला. त्याच्याकडे तणस होतं.

मला बाबांचा राग येतो, अजूनही येतो. मोबाइलवरच्या चार ओळींवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने एक दिवस रीत मोडली असती तर काय बिघडलं असतं? दोन खेपांत दिवाळीपर्यंतचं तणस गेलं असतं. पण त्या दिवशी जू ठेवणारा माणूस माझा बाप नसता, हेही कळतं, आणि मग जास्तच रडू येतं.

बैल जायच्या आदल्या संध्याकाळी आईने न सांगता तूप कोमट केलं. बाबांनी पळसाचं पान बुडवून खांदे शेकले. बैलांना बिचाऱ्यांना पोळाच वाटला असेल. शहाण्यासारखे माना खाली घालून उभे राहिले.

"आज आवतन घ्या," बाबा म्हणाले.

पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बैल मात्र तसेच उभे होते.