शिडातला ध्रुव

खाकीत आयुष्य काढलं, कितीतरी खून-दरोडे विसरलो. पण सुरतेतली ती शिडाची चोरी अजून डोक्यातून जात नाही.

बंदरातली जुनी जहाजं आणि खलाशांना वाट दाखवणारे तारे, यांवर एका तरुण चित्रकर्तीनं प्रदर्शन मांडलं होतं. मधोमध भलंमोठं शीड. घराघरांतून मागून आणलेल्या जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं, वर जरीचे तारे. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच ध्रुवताऱ्याचा तुकडा गायब! ठाण्यात येऊन ती टेबलावर हात आपटत म्हणाली, "साहेब, फरियाद लखो. लिहून घ्या, वॉचमननंच घेतलाय."

मी आधी साधा अर्ज घेतला. एकदा गुन्हा दाखल झाला की माणूस सुटता सुटत नाही. वॉचमन खानदेशातला, कापडाचा लूम बंद पडल्यावर या नोकरीला लागलेला. वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्याला सुनावलंच होतं, "पोलिसांत नाव लागलं तर परत येऊ नकोस."

जागेवर गेलो. शिडाला कुठंही कात्री लागलेली नव्हती. टाका न् टाका उसवून तुकडा काढला होता. शेजारच्या कापडाचा धागासुद्धा ओढला गेला नव्हता. चोराला एवढा धीर कुठला?

चौकशीत वॉचमन मान खाली घालून बसला. आमच्या हवालदाराचे हात शिवशिवत होते. त्याला मी चहा आणायला पिटाळलं. वॉचमन पठ्ठ्या स्वतःबद्दल एक शब्द विचारत नव्हता. सारखं एकच: "साहेब, बायामाणसांना ठाण्यात नाही ना बोलावणार?" आरोपी ज्याची काळजी करतो, तिकडं तपास वळवावा.

"डबा कोण आणतं रे तुझा?" मी विचारलं. त्याचा चेहराच पडला.

महिला पोलीस घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको तो तुकडा मांडीवर घेऊनच बसली होती. "मनी पोरनी साडी शे ती, साहेब." लेक बाळंतपणात गेली. कडोदऱ्याच्या सासरच्यांनी तिचे कपडे शिडासाठी साड्या मागायला आलेल्यांना देऊन टाकले, आईसाठी चिंधीही ठेवली नाही. रात्रीचा डबा द्यायला आल्यावर हिनं शिडात आपल्या हातचा रफू ओळखला. "कातर लावाले जीव व्हयना नही," ती म्हणाली.

चित्रकर्तीला तिथंच बोलावून घेतलं. तिनं सगळं ऐकलं, तुकड्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच राहू दिला. "अरजी पाछी लई लऊं छुं, साहेब."

अर्ज मागं घेतला गेला, वॉचमनची नोकरी वाचली. चोरीच्या तपासात काय गेलं आणि कुणी नेलं, एवढंच आम्ही विचारतो. ती वस्तू आधी कुणाची होती, हे मी त्या केसनंतर विचारू लागलो.

शिडातली जागा मात्र रिकामीच राहणार होती. चित्रकर्ती निघाली, तशी त्या बाईनं तिला थांबवलं. पेटी उघडून स्वतःचं लग्नातलं लुगडं काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"याले लाव कातर, माय."