तिसरी प्लेट

लिनव्हल ग्रँट गेल्या फेब्रुवारीत टपाल कचेरीत पत्रं लावता लावता खाली बसला, तो उठलाच नाही. छप्पन्न वर्षांचा होता. ब्रिस्टलच्या ईस्टन भागात त्यानं सव्वीस वर्षं टपाल वाटलं. कुठल्या दारामागचं कुत्रं चावतं आणि कुठली म्हातारी कुणीतरी दार वाजवावं म्हणून स्वतःच्याच नावानं पत्रं टाकते, हे त्याला तोंडपाठ. त्याच्याविषयी चार शब्द लिहा, असं त्याच्या मुलीनं, केरिसनं, मला सांगितलं. मी म्हणालो, दुसऱ्या कुणालातरी सांग. ती म्हणाली, तुम्हीच लिहायचं, आणि सगळं लिहायचं. तेव्हा लिहितो.

मी गॉर्डन व्हील. माझा धंदा गाण्यांच्या प्लेटा कापायचा. स्टोक्स क्रॉफ्टला सायकलवाल्याच्या वर माझी खोली आहे, तिथं कापायचं यंत्र आहे, आणि आता माझ्या गुडघ्यांत वात आहे. आमच्याकडचं ड्रम अँड बेस हे संगीत म्हणजे काळोखं काम. वर ढोल सुसाट पळतात, खाली बेस असा गुरगुरतो की खिडकीची तावदानं बोलायला लागतात. पोरं घरी गाणं बनवायची आणि रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी माझ्याकडे टेप घेऊन यायची. मी ते गाणं लाखेच्या प्लेटवर कापून द्यायचो. अशी प्लेट फार टिकत नाही. पन्नासेक वेळा वाजली की तिचा आवाज मरतो. पण तेवढे दिवस ते गाणं जगात फक्त त्या एक-दोन जणांकडे असतं, आणि डीजेची सगळी शान त्यावर चालते. म्हणून आमच्यात एकच कायदा होता, कुठं लिहिलेला नाही पण पक्का: कापणाऱ्याच्या खोलीत जे वाजलं ते खोलीबाहेर जात नाही. आणि कापणाऱ्यावर कुणी संशयही घेत नाही. वस्तरा हातात असलेल्या न्हाव्यापुढं आपण जसे मान टाकून बसतो, तशी ही पोरं माझ्यापुढं टेप ठेवायची.

लिनव्हल स्वतः गाणी बनवायचा नाही. त्याचा हात होता तो मिक्सवर. नव्वद मिनिटांची टेप, मध्ये एक शब्द बोलणं नाही, एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं हे मला, कापणाऱ्याला, कळायचं नाही. अशा टेपा करून तो टपालाबरोबर वाटायचा. वीजबिलाखाली टेप. त्या म्हातारीलाही एक दिली होती. ती म्हणे इस्त्री करताना लावायची.

त्याचा जिवलग म्हणजे डेन्झिल पिनॉक. शाळेपासूनचे दोघे. डेन्झिल एव्हनमाउथला मांसाच्या शीतगृहात कामाला. अंगानं आडदांड, तोंडानं फाटका, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण कान असा की विचारू नका. शीतगृहातल्या नऊ नंबरच्या दारामागं एक जुनं यंत्र घरघरायचं. डेन्झिलनं तो आवाज डबा खाताना टेप केला, घरी जाऊन खाली ओढला, ताणला, पिळला, आणि त्यातून असा बेस काढला की तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. गाण्याचं नाव ‘डोअर नाइन’. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये दोघे टेप घेऊन आले. दोन प्लेटा कापायच्या होत्या, एक डेन्झिलला आणि एक लिनव्हलला. ऑगस्टमध्ये एक कंपनी ते काढणार होती. डेन्झिलच्या आयुष्यातली पहिली रेकॉर्ड.

तो बेस कापायला मला अख्खी दुपार लागली. सुई उडायची. मी चार कोऱ्या प्लेटा वाया घालवल्या, शिव्या घातल्या, आणि शेवटी जमवलं. डेन्झिल म्हणाला, टेप राहू दे तुझ्याकडे, प्लेट झिजली तर दुसरी लागेल. एवढा त्याचा माझ्यावर भरवसा.

चारच दिवसांनी लंडनचा एक मोठा डीजे माझ्या जिन्यावर आला. नाव घेत नाही, तो अजून वाजवतो, आणि नाव घेऊन माझं पाप कमी होणार नाही. त्या रात्री त्याचा गावात कार्यक्रम होता आणि त्याला दोन प्लेटा हव्या होत्या. असा माणूस माझ्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. तो खुर्चीत बसला, भिंतीकडं बघत त्याची कापलेली प्लेट ऐकली आणि म्हणाला की ब्रिस्टलला असं काही कापता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बस, एवढं पुरलं. मी चेकाळलो. म्हणालो, थांबा, आमची पोरं काय बनवतात ते ऐका. आणि ‘डोअर नाइन’ लावलं.

तो उभा राहिला. मग त्यानं मागितलं, आणि मी दिलं. पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले असते तर निदान लोभी तरी म्हणता आलं असतं मला. मी तिसरी प्लेट कापली ती नुसत्या फुशारकीपायी. ऑगस्टपर्यंत वाजवू नका, असं तेवढं म्हणालो, आणि तो हो म्हणाला.

दहाव्या दिवशी त्यानं ते रेडिओवरच्या मिक्समध्ये वाजवलं. देशभर लोकांनी ते टेप केलं. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी त्या बेसची नक्कल करून स्वतःचं गाणं बनवलं आणि जुलैत बाजारात आणलंही. ऑगस्ट उजाडायच्या आत डेन्झिलच्या कंपनीनं हात वर केले. म्हणाले, आता तुझंच गाणं उसनं वाटेल.

प्लेटा दोन होत्या. एक डेन्झिलच्या कपाटात कुलपात. दुसरी लिनव्हलकडे, आणि लिनव्हल नेमका त्याच आठवड्यात चुलतभावाच्या लग्नाला लंडनला जाऊन आला होता, प्लेटांची पिशवी घेऊन. डेन्झिलनं दुसरा विचारच केला नाही. लिनव्हल शपथेवर सांगत राहिला की पिशवी उघडलीसुद्धा नाही. डेन्झिलनं ऐकलं नाही. त्यानं यंत्रांच्या वायरी उपटल्या, सगळं पलंगाखाली सरकवलं, आणि पुढची दीड-दोन वर्षं तो फक्त मांस उचलत राहिला. माझ्याकडे येणंही सुटलं. रस्त्यात भेटला की मी त्याला काहीतरी बनव रे म्हणायचो. मी. कुठल्या तोंडानं म्हणायचो, देव जाणे.

नव्व्याण्णवच्या वसंतात एका रविवारी लिनव्हल डेन्झिलच्या आईकडं जेवायला गेला. म्हातारीनं भात-घेवडा आणि कोंबडी केली होती. तिथं ताटावर बसून लिनव्हल म्हणाला की प्लेट त्यानंच दिली, लग्नात मिरवायचं म्हणून, आणि त्याला माफ करावं. डेन्झिल उठून जाणार होता, पण म्हातारीनं दोघांनाही बसवलं आणि ताट संपेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. महिन्याभरानं डेन्झिलनं पलंगाखालून यंत्रं बाहेर काढली.

हे मला कळलं ते दोघे नवीन टेप घेऊन आले त्या दिवशी. डेन्झिलनं जिन्यावरूनच सांगितलं, “गॉर्डी, ऐकलंस का? यानंच दिली होती. आपल्या तोंडानं कबूल केलं लेकानं.” आणि लिनव्हलच्या पाठीत असा रट्टा हाणला की त्याच्या हातातला चहा सांडला. लिनव्हल माझ्याकडं बघत उभा होता. रागानं नाही. नुसता बघत होता.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणालो, “आवाज किती ठेवू?”

लिनव्हलनं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “नेहमीएवढा.”

मी स्वतःला समजावलं की हा वेडाच आहे, न केलेलं अंगावर घेतोय तर घेऊ दे, दोघे पुन्हा बोलायला लागले ना, मग झालं. माणूस स्वतःची समजूत किती लवकर काढतो, हे मी त्या दिवशी शिकलो. डेन्झिलच्या त्यानंतर अकरा रेकॉर्डी निघाल्या. अकराही मी कापल्या. प्रत्येक वेळी लिनव्हल बरोबर यायचा, माझ्यासाठी बेकरीतला मनुकांचा पाव आणायचा, खिडकीशी बसून ऐकायचा. आणि प्रत्येक वेळी डेन्झिलची तीच थट्टा, की लिनव्हलपुढं नवीन काही वाजवू नका रे, उद्या लंडनला पोचेल. वाढदिवसाला, बारशाला, रेकॉर्डच्या दुकानात, सगळीकडं. लोक त्याला गळका नळ म्हणायला लागले. केरिसच्या शाळेतल्या पोरांपर्यंत ते गेलं होतं. लिनव्हल हसायचा. मीही हसायचो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग तो गेला. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. डेन्झिल बोलायला उभा राहिला. कागद हातात होता, पण बघितला नाही. त्यानं सांगितलं की या माणसानं एकदा त्याचा घात केला होता, आणि मग समोर बसून माफी मागितली होती, आणि एवढी हिंमत त्यानं दुसऱ्या कुणात बघितली नाही. मी माफ केलं आणि मला सख्खा भाऊ मिळाला, असं तो म्हणाला आणि हुंदके द्यायला लागला. सगळं चर्च रडत होतं. पुढच्या बाकावर केरिस मात्र मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या शेजारी तिचा आठ वर्षांचा मुलगा. आजोबांनी घात केला होता, हे त्यानं त्यांच्या शवपेटीसमोर ऐकलं.

त्या पोराचा चेहरा मला सोडेना. स्वतःच्या मानापायी मी पंचवीस-सव्वीस वर्षं गप्प बसलो होतो, आणि आता लिनव्हल गेल्यावर त्याच्या नावावर तो डाग कायमचा बसणार होता. पुढच्या शनिवारी सकाळी मी केरिसकडं गेलो. ती बापाच्या टेपा खोक्यांत लावत होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

“ती प्लेट तुझ्या बाबांनी दिली नव्हती,” मी म्हणालो. “मी दिली.”

ती टेपा लावतच राहिली. “माहीत आहे, अंकल.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिनं मग सांगितलं. प्लेटा दोन. एक डेन्झिल अंकलच्या कुलपात, दुसरी बाबांच्या पिशवीत, जी त्यांनी उघडली नव्हती. टेप तुमच्याकडं. तिसरा माणूस एकच उरत होता. बाबांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण त्यांनी हिशेब असा केला, की कुणीतरी कबूल केल्याशिवाय डेन्झिल यंत्राला हात लावणार नाही, आणि तुमचं नाव कळलं तर तो तुमच्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. त्याचा बेस तर तुमच्याशिवाय कुणालाच कापता येत नाही. मग राहिलं कोण?

“तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला हे त्यांनी फार उशिरा सांगितलं,” ती म्हणाली. “मी खूप भांडले. म्हटलं, जाऊन तोंडावर विचारा त्यांना. तर म्हणाले, गॉर्डी वाईट नाही, तो सांगेल आपणहून. म्हणून तर ते दर वेळी येऊन बसायचे तुमच्याकडं, खिडकीशी.”

चोवीस वर्षं तो पाव घेऊन येत होता आणि मी बोलायची वाट बघत होता. आणि मी त्याला विचारायचो, पावाला लोणी लावू का.

केरिसनं स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला. नंबर आधीच लावलेला. मी डेन्झिलला सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. मला वाटलं, आता शिव्या देईल. शिव्यांची मला गरज होती.

“तू चर्चमध्ये होतास,” तो शेवटी म्हणाला. “मी बोलत होतो तेव्हा. तिसऱ्या बाकावर.”

“हो.”

“रडत होतास. मी वरून बघितलं. मला वाटलं, लिनव्हलसाठी रडतोय बिचारा.”

“लिनव्हलसाठीच रडत होतो, डेन्झिल.”

“नाही,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.