दोन मिलिमीटरचं मार्जिन

ह्यांच्या रिटायरमेंटच्या तयारीची यादी मी वेळेत केली होती. तीत मांडववाला होता, पेढे होते, ह्यांच्या पँटची उसवलेली शिवण होती आणि सगळ्यात वर कॅमेरा होता.

कॅमेरा वर होता तो सासऱ्यांमुळे, म्हणजे बाबांमुळे. आमच्याकडे भिलाईला पोलादाच्या प्लांटमधला माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी खात्यातले लोक त्याला हार घालून, गुलाल लावून, जीपमधून घरी पोचवतात. मग घराच्या फाटकासमोर सगळ्यांचा एक फोटो निघतो. आम्ही सेक्टरमध्ये, प्लांटच्या क्वार्टरात, राहायचो तेव्हापासून हा फोटो बाबा काढत आले. रिसालीत घर बांधल्यावरही लोक त्यांना बोलवायला यायचे. त्यांचा रीलचा कॅमेरा कधीचाच बंद पडला, पण लेन्स त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे. मुलाचा फोटो आपण काढणार आणि ह्याच लेन्सनं काढणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"दुसरी लावान तर मी खुर्चीवर बसून राहीन," म्हणाले. "पाहुण्यावानी."

बाबा बोलतात तसं करतात. नातवाच्या बारशात ते खरोखर खुर्चीवर बसून राहिले होते, तेही याहून कमी कारणासाठी.

मग मी तक्ता आखला. बाबांचा हात थरथरतो, म्हणून कॅमेरा लहान आणि हलका हवा. असे कॅमेरे आता बिनआरशाचे येतात. आतला आरसाच काढल्यामुळे ते चपटे झाले आहेत. तीन कॅमेरे निवडले. पहिला साबणाच्या डबीएवढा, पण त्याला डोळा लावायला भोकच नव्हतं. बाबा फोटो हात लांब करून काढणार नाहीत, तो बाद. दुसऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे जुनी लेन्स लावली की कडेचे लोक चित्राबाहेर जाणार. ह्यांच्या खात्यात कडेला नेमके साहेब उभे राहतात. तोही बाद. तिसरा महाग होता, पण सेन्सर मोठा, डोळा लावायची सोय आणि वजन बाबांना पेलेल इतकं. त्याची स्वतःची लेन्सही सोबत येत होती. ती मी गुपचूप घेऊन ठेवली.

"पुरानी लेंस सीधी नहीं लगेगी, मैडम," दुकानदार म्हणाला. "रिंग लगेगी."

आरसा गेल्यामुळे आतली जागा कमी झाली, आणि जुन्या लेन्सला तेवढी जागा परत लागते, असं त्यानं समजावलं. म्हणून मधे एक कडी घालायची. कडी मागवायची असं मी लिहूनही घेतलं. घरी ह्यांनी ते वाचलं.

"कडी इकत आणाची?" हे म्हणाले. "माह्या घरात? मंग मी जिंदगीभर लेथवर काय केलं?"

"तयार मिळते तर कशाला खटपट?"

"अवं, एका सुट्टीचं काम आहे."

पावर हाउसच्या बाजाराजवळ ह्यांच्या मित्राचं लेथचं, लोखंड कातायचं दुकान आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण मधोमध कापून त्यावर ह्यांनी लोखंडी नळकांडं बसवलं, आत लेन्सचे आटे पाडले. ॲल्युमिनियमचं हलकं झालं असतं, असं मी म्हटलं. भिलाईत राहून ॲल्युमिनियम, असा चेहरा करून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी महिनाभर हलका कॅमेरा शोधला होता. आता तो नाकावर पडल्यासारखा पुढे झुकत होता.

बाबांची लेन्स चढवल्याबरोबर कॅमेऱ्यानं पडद्यावर सांगितलं की लेन्स लावलेली नाही. बाबांना तो अपमान वाटला. मी पुस्तिकेत शोधून ती सूचना बंद केली. मग जेवणाच्या टेबलावर चाचणी घेतली. साखरेचा डबा स्पष्ट. आवळ्याचं लोणचं स्पष्ट, मोहरीसकट. माझ्या यादीत बरोबरची खूण पडली.

रिटायरमेंटच्या दिवशी जीप आली, ढोल वाजला, गुलालानं ओटा लाल झाला. हार घातलेले हे मधे आणि खात्यातले लोक दोन्ही बाजूंना फाटकासमोर उभे राहिले. बाबांनी नेहमीच्या अंतरावर, रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाजवळ जाऊन डोळा लावला. लेन्स फिरवली. उलटी फिरवली. ढोलवाला थांबला.

"सगळं धुकं आहे," बाबा म्हणाले.

हे रांगेतून निघून आले आणि त्यांनीही डोळा लावून पाहिलं. बाबा प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होते. माल नापास करताना ते कधी आवाज चढवत नसत.

"मार्जिन ठेवलं का?"

"दोन मिलिमीटर." हे हार सावरत म्हणाले. "जास्तीचं काढता येते, बाबा. कमी पडलं तर वाढवता येत नाही."

"मंग काढलं कावून नाही?"

"टेबलावर तं बरोबर येऊन राहिलं होतं."

तेव्हा मला कळलं. दोन मिलिमीटर जादा जाडीनं लेन्सला लांबचं दिसेनासं झालं होतं, आणि आम्ही तपासलं फक्त हाताच्या अंतरावरचं लोणचं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, जाते जाते रिजेक्ट." सगळे हसले. हे हसले नाहीत.

मी पिशवीतून नवी लेन्स काढून पुढे केली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मांडवातल्या खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

पण ते डोळ्याला कॅमेरा तसाच लावून पावलापावलानं पुढे निघाले. रस्ता ओलांडला. स्कूटरवाला थांबला. मुलाच्या अगदी पुढ्यात, हार छातीला लागेल इतके जवळ गेले तेव्हा थबकले.

"हालू नको."

"एवढ्या जवळून, बाबा?"

"तूच केलं ना हे? उभा राय."

फोटो निघाला. मग खात्यातले सगळे एकेक करून पुढे आले, गेटपासच्या फोटोसाठी यावेत तसे, साहेबही. पेढे त्या रांगेतच वाटले.

ह्यांच्या फोटोत फाटक नाही, जीप नाही, कानसुद्धा धुरकट आहेत. भुवईतला गुलाल मात्र कणाकणानं मोजून घ्यावा असा आला आहे, आणि डोळे ओले आहेत, जे खांबाजवळून कुणाला दिसले नसते.

पुढच्या आठवड्यात हे कडी घेऊन पावर हाउसला निघाले. दोन मिलिमीटर काढून आणतो म्हणाले. बाबांनी पेपरमधून मान वर न करता हात पुढे केला आणि कडी काढून घेतली.

"राहू दे," म्हणाले. "दूरचे लोक मले तसेही दिसत नाही."