चौथ्या ब्राउनवरची रेघ

खाणीच्या वसाहतीमागे सहा होलचं गोल्फचं मैदान होतं. वणीहून मुकुटबनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ते दिसत नसे. मध्ये सागाची रांग आणि पऱ्हाटीची शेतं होती. जुन्या एका मॅनेजरने हौसेने ते आखलं, तो बदलून गेला, मैदान राहिलं. त्याच्याखाली जुनी भूमिगत खाण होती, बंद होऊन बरीच वर्षं झालेली. छत तोलून धरणारा कोळसा आत तसाच सोडल्यामुळे वरची जमीन पक्की आहे, अशी कागदोपत्री नोंद होती. काम आता रस्त्यापलीकडच्या उघड्या खाणीत चालायचं. दुपारी दोनला भोंगा वाजून तिथे सुरुंग उडत आणि वसाहतीतल्या खिडक्या थरथरत.

या भागात उन्हाळ्यात गवत टिकत नाही. म्हणून होलभोवती हिरवळीऐवजी रेती आणि जळकं इंजिन ऑइल कालवून थापलेला सपाट गोल असे. त्याला ब्राउन म्हणत. ब्राउनवरून चेंडू गेला की मागे रेघ उरते, आणि लाकडी फळी फिरवेपर्यंत ती तशीच राहते. आमचा एक नियम होता. प्रत्येकाच्या रेघेला टोमणा मारून झाल्याशिवाय ती पुसायची नाही.

आम्ही चौघे रविवारी सकाळी साडेसहाला खेळत असू. सुरुंगांचं काम पाहणारा अधिकारी, खाणीचा सर्व्हेअर, दवाखान्याचे डॉक्टर आणि मी. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून खाणीच्या कार्यालयात पत्रकं आणि सूचना लिहिण्याच्या कामावर आलो होतो. मैदानाची देखरेख पलीकडच्या तांड्यातले एक वयस्क काका करत.

टोमण्यांत सुरुंगवाल्याचा हात कोणी धरू शकत नसे. डॉक्टरांची रेघ पाहून तो म्हणायचा, "डॉक्टर, रेघ हाय का ईसीजी? पेशंट वाचते का नाई ते सांगा."

माझ्या रेघेवर म्हणायचा, "हे तं बातमीवानी झालं. निघालं कुठून, पोचलं कुठं."

त्याचा स्वतःचा चेंडू बहुधा ब्राउनच्या बाहेर जाई. मग सर्व्हेअर शांतपणे म्हणे, "तुह्या चेंडूच्या आधी भोंगा वाजवत जाय. लोकं बाजूले होतीन."

सर्व्हेअरची रेघ सरळ असायची. तिला टोमणा सापडत नसे आणि सुरुंगवाला त्याच्यावरच चिडून फळी मागायचा.

दिवाळीनंतर सर्व्हेअरची रेघ वाकायला लागली. सगळीकडे नाही, फक्त चौथ्या ब्राउनवर. होलपासून दोन हात अलीकडे ती डावीकडे झुकायची. आमच्या तिघांच्या रेघा तशाही कुठेही जात असल्यामुळे फरक फक्त त्याचा दिसला. सुरुंगवाल्याला पहिल्यांदाच मोकळं रान मिळालं.

"काहून बे, जमीन तू मोजतो का जमीन तुले मोजते?"

पुढच्या रविवारी: "हात कापते का? चष्मा बदल, नाईतं हात बदल."

डॉक्टर हसले. मीही हसलो. सर्व्हेअर हसला नाही. त्याने फळी घेऊन स्वतःच रेघ पुसली. आमच्यात असं कोणी करत नसे.

त्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला आणि त्याने दार लोटून घेतलं. त्याचे वडील नेरला शाळेत चित्रकला शिकवत. पन्नाशीत त्यांचा हात थरथरू लागला. आधी फळ्यावरची रेघ वाकायची, मग खडू धरवेना. "बाबाचं बी असंच सुरू झालतं," तो म्हणाला. "मले पन्नासावं लागलं."

मग त्याने दोन वह्या ठेवल्या. एक बाहेर मोजणीला नेण्याची, पेन्सिलीने लिहिलेली. दुसरं कार्यालयाचं रजिस्टर, शाईतलं. मैदान, वसाहत आणि आसपासची शेतं मिळून सिमेंटचे काही ठोकळे पुरलेले होते. त्यांची उंची तो दर महिन्याला दुर्बिणीने मोजायचा. खालची पोकळी बसू लागली तर ठोकळे खाली जातील आणि आधी कळेल, हा उद्देश. सगळी मोजणी एका मूळ ठोकळ्यापासून सुरू व्हायची. तो चुना लावलेला, सगळ्यांत भक्कम समजला जाणारा, चौथ्या ब्राउनच्या डाव्या अंगाला वीस पावलांवर.

"हे ठोकळे खाली नाई जाऊन राह्यले," तो म्हणाला. "वर येऊन राह्यले."

पेन्सिलीच्या वहीत तसंच होतं. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे, पाच-सहा मिलीमीटर. शाळेजवळचा, दवाखान्याजवळचा, बाभळीखालचा, सगळे वर.

"खाणीवरची जमीन वर येत नसते. कधीच नाई. म्हणजे चूक माह्या हाताची हाय." रजिस्टरमध्ये त्याने प्रत्येक महिन्यापुढे 'बदल नाही' असं लिहिलं होतं. "फक्त तुमच्या क्वार्टरमागचा ठोकळा बरोबर येते. जागचा हालला नाई. तेवढा एक आकडा मी बिनधास्त लिवतो."

डॉक्टरांना सांगू नका, असं तो दोनदा म्हणाला. वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर सही डॉक्टरांची असते. हात थरथरतो असं तिथे लिहिलं गेलं की दुर्बीण सुटली. मी सांगितलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी धुकं इतकं होतं की पहिल्या होलचा झेंडा दिसला नाही. आम्ही अंदाजाने खेळत चौथ्यापर्यंत गेलो. काका तिथे आधीच उभे होते, हातात फळी, पण ती जमिनीला टेकवलेली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी काका गवतात हरवलेले चेंडू शोधून आणत, ब्राउन सारखा करत आणि ते चेंडू होलशेजारी ठेवत, म्हणजे सकाळी ज्याचा त्याने उचलावा. त्या आठवड्यात तीन सापडले होते. आता ते होलशेजारी नव्हते. तिन्ही ब्राउनच्या डाव्या काठाला थांबलेले होते, आणि प्रत्येकामागे एक रेघ होती. तिन्ही रेघा जवळपास समांतर. तेलकट रेतीवर पावलाचा ठसा एकही नव्हता. कुत्र्याचाही नाही.

"साहेब, फळी फिरवूनच गेलतो मी," काका म्हणाले. "ह्या रेघा माह्या नाई."

सुरुंगवाल्याने तोंड उघडलं. "हे कोणाचं..." एवढं म्हणून तो थांबला. नियमाप्रमाणे रेघा पुसायच्या आधी टोमणा हवा होता. कोणी मारला नाही.

पाखरांचा आवाज नव्हता. रस्त्यावरच्या ट्रकचाही नव्हता.

सर्व्हेअरने खिशातून चेंडू काढला, वाकून ब्राउनच्या मध्यावर ठेवला आणि बोटं बाजूला घेतली. चेंडू क्षणभर तिथेच राहिला. मग निघाला. सावकाश, आपल्याआपण, मागे रेघ ओढत, डावीकडे. बाकीच्या तिघांजवळ जाऊन थांबला.

"तू ठेव," तो सुरुंगवाल्याला म्हणाला.

त्याने ठेवला. डावीकडे.

"डॉक्टर, तुमी."

डॉक्टरांचा हात टाके घालणारा हात आहे. त्यांचाही डावीकडे. माझाही.

काठाला सात चेंडू जमले. त्यांच्या पलीकडे, त्याच दिशेला, धुक्यात मूळ ठोकळा उभा होता. पांढरा, सरळ, नेहमीसारखा. सर्व्हेअरने चेंडूंवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर," तो वळून म्हणाला, "माहा हात पाहा."

डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. त्याला हात पुढे ताणायला लावला, बोटं फाकवायला लावली आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर एक चेंडू ठेवला. चेंडू हालला नाही. मिनिटभर तसाच होता.

"काही नाही हाताला," डॉक्टर म्हणाले. "झालं काय?"

सुरुंगवाला खाली पाहत होता. "मी आपलं मजाकमदी बोललो, राजा," तो म्हणाला.

"मजाक बरोबर होती," सर्व्हेअर म्हणाला. "मी चुकीची ऐकली."

सोमवारी त्याने खाणीच्या हद्दीबाहेरच्या जुन्या दगडी पुलापासून मोजणी सुरू केली. पूल काळ्या कातळावर आहे, त्याच्याखाली कोणी कधी काही खणलेलं नाही. मोजपट्टी धरायला त्याने मला नेलं. कार्यालयातला दुसरा माणूस नको होता. दुपारी दोनच्या भोंग्याआधी आम्ही मूळ ठोकळ्यापाशी पोचलो. तो चार बोटं खाली गेलेला होता.

ज्याला स्थिर धरून बाकीचं सगळं मोजायचं, तोच खाली चालला होता. त्यामुळे जे जे जागेवर होतं ते ते वर येताना दिसत होतं. आकडे पहिल्यापासून खरे होते. आणि त्याने ते डावलून स्वतःच्या हाताने 'बदल नाही' लिहिलं होतं.

"एवढे वर्स मी जमिनीवर शंका घेत आलो," तो म्हणाला. "या टायमाले माह्यावर घेतली."

त्याने जीपच्या बॉनेटवर रजिस्टर उघडलं, शाईतल्या प्रत्येक 'बदल नाही'वर एक आडवी रेघ मारली, बाजूला पेन्सिलीच्या वहीतला आकडा लिहिला आणि सही केली. रेघा सरळ होत्या. असं केल्यावर खुलासा मागवला जाईल आणि दुर्बीण गेलीच तर हातामुळे नाही, या खाडाखोडीमुळे जाईल, हे त्याला माहीत होतं. मी तसं म्हणालो. "देऊ खुलासा," तो म्हणाला.

मग चार बोटांचा हिशेब धरून त्याने एकेक ठोकळा नव्याने मांडला. शाळेजवळचा, जागेवर. दवाखान्याजवळचा, जागेवर. बाभळीखालचा, जागेवर. पेन्सिल शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. त्याने ती ओळ दोनदा वाचली. नंतर वही मिटून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, पट्टी घ्या. तुमच्या घरामागं जाऊ."

सगळे वर येत असताना जो एकटा जागेवर दिसत होता, तो मूळ ठोकळ्याच्या बरोबरीने खाली जात असणार, याचा तोपर्यंत आम्ही दोघांनीही विचार केला नव्हता.

क्वार्टरमागे दोरीवर कपडे वाळत होते. मी ठोकळ्यावर पट्टी उभी धरली. सुरुंग उडाला, स्वयंपाकघराची खिडकी थरथरली, आणि मी पट्टी सरळ राहावी म्हणून दोन्ही हातांनी धरली. तो दुर्बिणीला डोळा लावून वाकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. स्क्रूवरचा त्याचा हात मला तिथून नीट दिसत होता. तो थरथरत नव्हता.

त्याने आकडा लिहिला, वही माझ्यापुढे धरली आणि मी वाचेपर्यंत तो थांबला.

"डॉक्टर खरं बोलले," तो म्हणाला. "हाताले काई झालं नाई." मग घराकडे पाहून म्हणाला, "आतून आधी काय काढाचं, ते वहिनीले विचारून ठेवा."