कोंडवाड्याचा बस्ता

कागद जागचा हलला की बस्तेमामा मारायचे. तालुका कचेरीत रुजू होऊन मला आठवडा झाला नव्हता, तोच बोटांवर त्यांचा सागवानी रूळ बसला. एका गावचा सातबारा मी दुसऱ्या गावच्या बस्त्यात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, बांधला होता. डोकं असं तडकलं होतं माझं! पण पुढं तशी चूक झाली नाही, हेही खरं.

मामा मूळचे चुडाव्याचे, आमचे रेकॉर्डकीपर. मारून झालं की म्हणायचे, “चुकीच्या बस्त्यात गेलेला कागद मेला समज. त्याला कोणी हुडकत न्हाई.”

त्यांच्याकडं एक पंचनामा होता. नामांतराच्या दंगलीत जवळच्या एका गावात दलित वस्ती पेटवली होती. तिथल्या कौसाबाईच्या नवऱ्याला बाहेरून कडी लावून आत जाळलं. ती आडवी आली, तर तिच्या खांद्यावर कुऱ्हाड बसली. पंचनाम्याला तहसीलदार साहेबांबरोबर लिहायला मामाच गेले होते. तिनं सांगितलेली चार नावं त्यांनी जशीच्या तशी उतरवली. पहिलं नाव गावच्या मालकाचं, म्हणजे निम्मं शिवार ज्याचं त्याचं.

काही वर्षांनी कपाटं भरली आणि जुने कागद निवडून जागा करा, असा हुकूम आला. ‘अ’ कागद कायम ठेवायचे, ‘ड’ जाळायचे. मालकाचा माणूस रोज येऊन बसू लागला. पंचनामा ‘ड’मध्ये टाका, एवढंच त्याचं मागणं. मामांनी त्याच्यासमोर लाल शाईनं त्यावर ‘अ’ लिहिला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मालकाचे चौघं आले. एकानं माझ्या पोटाला विळा लावून विचारलं, पंचनामा लपवणारा म्हातारा कुठाय. मी रेकॉर्डच्या खोलीकडं बोट दाखवलं. त्यांनी मामांना पाडलं, उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि त्यांच्याच रुळानं एकेक बोट मोडलं. मामा ओरडले, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पण कागद कुठाय ते सांगितलं नाही. शेवटी त्या गावचा अख्खा बस्ता अंगणात नेऊन रॉकेल ओतलं. सगळी कचेरी बघत उभी राहिली. मीही. थू आमच्या नोकरीवर!

मामा दवाखान्यातून वाकडी बोटं घेऊन परतले. मला एका शब्दानं विचारलं नाही. लाजेनं मीच त्यांच्याजवळ भाकरी खायला बसणं सोडलं.

पुढं खटला उभा राहिला आणि कौसाबाई पंचनाम्याची नक्कल मागायला आली. दुसरी प्रत कुठंच उरली नव्हती. जळाला म्हणून मी सांगणार, तेवढ्यात मामांनी मला कोंडवाड्याचा बस्ता काढायला लावला. त्यात मोकाट गुरांच्या पावत्या असायच्या. त्याला कोण हात लावतंय! पावत्यांच्या मधोमध पंचनामा होता, लाल ‘अ’सकट. ज्या चुकीपायी जन्मभर आम्हाला बडवलं, ती त्यांनी जाणूनबुजून केली होती.

“माझी बोटं मोडली,” मामा म्हणाले. “तुझी शाबूत हायत. नक्कल तू लिव.”

म्हणजे त्या दिवशी बोट कोणी दाखवलं, ते त्यांना ठाऊक होतं. मी लिहायला बसलो. मालकाच्या नावापाशी हात अडला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं दौत पुढं सरकवली.

मालकाला जन्मठेप झाली, ते ऐकायला मामा राहिले नव्हते. कौसाबाई कचेरीत आली, पायरीवर चपला काढल्या आणि मामा कुठं बसायचे म्हणून विचारलं. मी त्याच खोलीकडं बोट दाखवलं, आणि तिच्यासमोरच मला रडू फुटलं.