न बघता खेळलेली पानं

भोरला आमच्या ओसरीवर रविवारी दुपारी तीन पत्तीचा डाव बसायचा. पैसे लावायला दादांची सक्त मनाई होती, म्हणून चिंचोक्यांवर खेळायचो. खेळणारे चौघे. एक दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ. वडिलांमागे त्यांनीच मला वाढवलं. दुसरे त्यांच्या कचेरीतले अव्वल कारकून. तिसरे पालीला शेती करणारे वहिनींचे भाऊ. ते भोरला आले की आमच्याकडेच उतरत आणि घरातली मुलं म्हणत तसं आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो. चौथा मी, मॅट्रिक होऊन घरी बसलेला.

खेळ मला दादांनी शिकवला. पानं एकदाच बघायची, मग माणसं बघायची, असं ते सांगत. ज्याच्या हातात काही नसतं तो पानं पुन्हा पुन्हा उघडून बघतो, जणू मघाशी बघितली ती बदलली असतील. ज्याच्याकडे खरंच काही असतं तो एकदम गप्प होतो आणि चिंचोके हलकेच सरकवतो. आणि थाप मारणाऱ्याला बोलायची घाई असते. हे शेवटचं ते मला हमखास ऐकवत, कारण मला ती घाई फार होती.

आमच्या ओसरीचा एक नियम दादांनीच घालून दिला होता. शेवटी दोघं उरले आणि एकानं पानं दाखवा म्हटलं, की ज्यानं त्यानं आपली पानं उलटी करून स्वतःच्या तोंडानं सांगायची. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. पूर्वी कधीतरी मामांशी वाद झाला होता, त्यावरचा हा तोडगा.

त्या वर्षी दादा न बघता खेळायला लागले. पानं पालथीच ठेवायची आणि एक चिंचोका टाकायचा. बघून खेळणाऱ्याला त्यावर दोन टाकावे लागत. दादा असे डावामागून डाव ओढत नेत आणि समोरचा कंटाळून पानं टाकून देई. मामा म्हणायचे, "दाजी, तुमची छाती लई मोठी हाय बगा." मलाही दादांचा अभिमान वाटायचा. पण हळूहळू लक्षात आलं, की दादा डाव दाखवण्यापर्यंत कधी जाऊच देत नाहीत. अगदीच वेळ आली तर हसून पानं गड्डीत मिसळून टाकत. मग एक दिवस भिंतीवरची टोपी ते हातानं चाचपताना दिसले आणि मला सगळं कळलं.

दादा कचेरीत जमिनींच्या कागदांच्या नकला करत. डोळे अधू होत चालल्याचं कळलं तर नोकरी जाणार, आणि घर त्या एका पगारावर चाललेलं. मी कुणालाच काही बोललो नाही. त्यांना तर नाहीच नाही.

त्या रविवारी मी आणि मामांनी पानं टाकली होती. दादा आणि अव्वल कारकून उरले. दादा न बघताच चिंचोके टाकत होते. अव्वल कारकून एरवी लवकर सोडून देत, त्या दिवशी मात्र एकदम गप्प झाले होते. शेवटी म्हणाले, "दाखवा."

दादांनी पानं उलटी केली. दोन राजे आणि एक गुलाम. तिन्ही चित्रांची, रंगानं भरलेली. दादा त्यांच्याकडे वाकून बघत राहिले. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण नियम आडवा येत होता आणि सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

"राजा, राणी, गुलाम," दादा म्हणाले.

"आवं, पर ह्ये..." मामांनी बोट पुढं केलं.

"मामा, बोलायचं नाही," अव्वल कारकून म्हणाले. त्यांनी आधी दादांच्या पानांकडे आणि मग दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुमचा डाव," ते म्हणाले. आपली पानं त्यांनी पालथीच ठेवली आणि चहा न घेता निघून गेले. मी ती पानं उचलून बघितली. चव्वी, पंजी, छक्की. ओळीतली पानं राजांच्या जोडीवर चढतात. डाव त्यांचाच होता.

मामा परसात गेले. दादा भिंतीला टेकून बसले होते.

"माझी पानं काय होती रे?"

"राजा, राणी, गुलाम," मी म्हणालो.

"किती घाई करतोस," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्यांनी आज चिंचोके सोडले. उद्या माझ्या हातून एखाद्याच्या शेताचा आकडा चुकला तर तो कोण सोडेल? सकाळी मीच त्यांना जाऊन सांगतो."

मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नाही, पण ऐकू आलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. घराचं पुढं काय, ही काळजी आता माझी होती. मी कामासाठी कामथडीला राहायला गेलो आणि रविवारी घरी येऊ लागलो.

पहिल्याच रविवारी अव्वल कारकून नेहमीच्या वेळी आले आणि नेहमीच्या जागी बसले. मी पानं वाटली. दादांनी आपली तीन पानं उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले.

सगळ्यांसमोर पानं वाचल्यावर खेळात काही उरत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी मी वाचली. दुर्री, सत्ती, नव्वी. जरासुद्धा घाई न करता वाचली.