मिने-यानची वसंतातली सर्दी

मिनेओ नाकागाइतो यांना दर वसंतात सर्दी व्हायची. प्लमला फुलं आली की सुरू, चेरीच्या पाकळ्या ओढ्यातून वाहून गेल्या की बंद. बाकी वर्षभर शिंकही नाही. इतकं वक्तशीर जे असतं ते सर्दी नसतं, अशी शंका त्यांच्या मनात आली नव्हती असं नाही. ती आली होती. तिला त्यांनी दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं.

त्याला कारण होतं. युद्धानंतर जपानातल्या किई भागातले डोंगर उघडेबोडके पडले होते आणि सरकारने सांगितलं, देवदार लावा. तिकडे या झाडाला ‘सुगी’ म्हणतात. सगळ्यांना तेव्हा तिच्यात सुगीच दिसत होती. मिनेओ नुकतेच मिसरूड फुटलेले, पाठीवर रोपांची करंडी घेऊन उतारांमागून उतार लावत गेले. साए नावाची एक मुलगी शेजारच्या ओळीत लावत असे. ओळी जुळल्या, मग लग्नही जुळलं. झाडं वाढेपर्यंत बाहेरचं लाकूड स्वस्त झालं आणि ही तोडायला कुणी आलंच नाही. ज्या झाडांना कुणी तोडत नाही ती बिचारी काय करणार? फुलायला लागली. वसंतात कोरडा वारा सुटला की डोंगरातून परागांचा पिवळा धूर निघे, आणि टीव्हीवर शहरातली माणसं मास्क लावून नाकं पुसत. मिनेओ टीव्ही बंद करत. साए आता नव्हती, झाडं होती. आपल्याच लेकरांनी आपल्याला शिंका येतात, असं कुणी बोलून दाखवतं का? म्हणून ती सर्दी होती.

लाकूडतोडीच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे व्हॅन आली. वाडीची एसटी म्हणावी अशी बस केव्हाच बंद झाली होती. गाव-कचेरीने एक पांढरी व्हॅन दिली आणि दर मंगळवारी वाडीतल्या म्हाताऱ्यांना खाली गावात बाजाराला न्यायचं काम मिनेओंकडे आलं. म्हाताऱ्या म्हणजे तिघी उरल्या होत्या: किनु-सान, तात्सुए-सान आणि फुसानो-सान. तिघीही मिनेओंपेक्षा मोठ्या, त्यामुळे पंचाहत्तरी गाठलेले हे गृहस्थ त्यांच्या लेखी अजून ‘मिने-यान’ होते, म्हणजे जवळजवळ पोरगाच.

कचेरीतले उएजी-सान एकदा सहज बोलून गेले होते, की काही कमीजास्त झालं तर व्हॅन परत घ्यावी लागेल. व्हॅन गेली तर काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. किनु-सानच्या मुलाने ओसाकात सतराव्या मजल्यावर आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. किनु-सान त्या खोलीचा उल्लेख नेहमी ‘फडताळ’ असा करत. दर मंगळवारी व्हॅनमध्ये चढताना त्या म्हणत, “मिने-यान, तू आहेस तोवर मी फडताळात जात नाही.” त्या हे हसून म्हणत. मिनेओ ते हसून ऐकत नसत.

त्या वसंतात सर्दी जोरात होती. खालच्या दुकानातून मिनेओंनी नेहमीची सर्दी-खोकला-ताप अशा सगळ्यांवर चालणारी पाकिटं आणली. पण व्हॅनमध्ये शिंक लपत नाही. दुसऱ्या दिवशी किनु-सान दारात हजर. फिरता औषधवाला त्यांच्या घरी जी लाल पेटी ठेवून जातो, तिच्यातल्या पिवळ्या पुड्या घेऊन.

“सासूबाईंपासून हेच घेतोय. सासूबाई ब्याण्णवाव्या वर्षी गेल्या, पण सर्दीने नाही.”

तात्सुए-सानना हे कळल्यावर त्यांनी लेकीने पाठवलेल्या सोनेरी डबीतल्या कॅप्सुली आणल्या. “किनु-सानची पुडी म्हणजे पीठ. हे खास नाकासाठी आहे, डबीवर नाकच काढलंय बघ.” फुसानो-सान सर्वांत शेवटी आल्या, गोड खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन. मिनेओंना खोकला नव्हता. “येईल,” फुसानो-सान म्हणाल्या.

आजाऱ्याला भेट येते, ती नाकारता येत नाही. मिनेओंनी रीतीप्रमाणे तिघींकडे वाळवलेली अळिंबी परतभेट म्हणून पोचवली. पण खरी अडचण पुढे होती. तब्येत विचारली की तिथे ‘ओकागेसामा’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्या सावलीमुळे बरा आहे’. बाकीचे लोक हे असंच म्हणून टाकतात. मिनेओंना ज्याची सावली घेतली नाही त्याला ओकागेसामा म्हणणं जमत नसे. त्यामुळे सकाळी पुडी, जेवणानंतर स्वतःचं पाकीट, दुपारी कॅप्सूल आणि निजताना बाटलीतला चमचा, असं ते सगळ्यांना न्याय देत राहिले. प्रत्येकावर जेवढं घ्या म्हटलंय त्याहून थोडं कमीच घ्यायचे. अन्याय फक्त एकावर झाला, आणि तो कोणावर हे त्यांना कळायला मंगळवार यावा लागला.

मंगळवारी पहाटेपासून त्यांना लघवी होत नव्हती. लागत होती, होत नव्हती. तोंडात जीभ चामड्यासारखी झाली होती आणि डोळ्यांवर कुणी गरम टॉवेल ठेवल्यासारखं वाटत होतं. उएजी-सानना फोन करावा, असं एकदा मनात आलं. मग फडताळ आठवलं. ते व्हॅनमध्ये बसले.

धरणाजवळच्या वळणावर त्यांचे डोळे मिटले. किती वेळ ते सांगता येणार नाही. चाकाखाली कडेची खडी वाजायला लागली तेव्हा उघडले, आणि त्यांनी गाडी झटक्यात आत वळवली.

“मिने-यान, मधमाशी होती का रे?” मागून किनु-सान.

“हो.”

“मोठी असणार,” तात्सुए-सान म्हणाल्या.

त्यापुढे त्यांना जागं ठेवलं ते फक्त पोटातल्या कळांनी. डोळे मिटायला लागले की खालून हिसका बसे. दिसेल त्या सार्वजनिक संडासाशी ते थांबत, जात, आणि होते तसेच परत येत.

“आज याने काय नवस बोललाय?” फुसानो-सान म्हणाल्या. “प्रत्येक संडासाला नमस्कार करून येतोय.”

“आणि प्रसाद एकाही ठिकाणी मिळत नाहीये, तोंड बघ ना,” किनु-सान.

गावात पोचल्यावर तिघी टोफू घ्यायला गेल्या आणि मिनेओ औषधांच्या दुकानात. तिथल्या फार्मासिस्ट होशिना-सान चष्मा कपाळावर चढवून काहीतरी शोधत होत्या, बहुधा चष्माच.

“होशिना-सान, लघवी मोकळी व्हायला काही आहे का?” त्यांनी इतकं हळू विचारलं की होशिना-सानना काउंटरवर ओणवावं लागलं.

“कधीपासून होत नाहीये?”

“पहाटेपासून.”

“दुसरं औषध काय चालू आहे?”

“काही नाही. सर्दीची पाकिटं, तुमच्याचकडची. ती काय, सगळेच घेतात.”

“आणखी?”

“आणखी आहे ते औषध नाही. लोकांनी दिलेलं आहे.”

होशिना-सान हसल्या नाहीत. “लोकांनी दिलेलं घेऊन या.”

ते व्हॅनच्या खणात होतं. त्यांनी पुडी, डबी, बाटली काउंटरवर मांडली, शेजारी स्वतःचं पाकीट. होशिना-सानना चष्मा सापडला. त्यांनी चारही वस्तू उलट्या केल्या आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवत गेल्या. पुढच्या बाजूला चार औषधं होती. मागच्या बाजूला जवळजवळ एकच होतं. एकच बहुरूपी चार सोंगं घेऊन दारात आला होता आणि यजमानाने चारही वेळा पानावर बसवला होता.

“हे पॅरासिटामॉल, तापाचं. पुडीत, डबीत, पाकिटात, बाटलीतसुद्धा. फार झालं की यकृताला भोवतं. आणि हे नाक सुकवणारं. तेच तोंड सुकवतं, झोप आणतं आणि तुमच्या वयाच्या पुरुषांची लघवी अडवतं. एकदा सुकवायचं नाक तुम्ही चारदा सुकवलंत.”

“पण मी प्रत्येकातलं सांगितल्यापेक्षा कमीच घेत होतो.”

“प्रत्येक डबी स्वतःपुरतंच सांगते, नाकागाइतो-सान. शेजारच्या डबीत काय आहे ते तिला ठाऊक नसतं.” त्या थांबल्या. “ताप आहे?”

“नाही.”

“येऊन गेला?”

“नाही.”

“मग तापाचं औषध कुणासाठी घेताय?”

मिनेओंनी विचार केला. “किनु-सानसाठी,” ते खरं तेच म्हणाले.

होशिना-साननी बाहेर पाहिलं. दुकानाच्या काचेतून डोंगर दिसत होता आणि त्याच्यावरून पिवळा धूर चढत होता. “डोळे खाजतात? कोरड्या वाऱ्याच्या दिवशी जास्त?”

मिनेओंचं बोट डोळ्याकडे निघालं होतं, ते त्यांनी खाली घेतलं.

“ही सर्दी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत असेल.”

“तर आज व्हॅनला हात लावायचा नाही. आणि आत्ताच्या आत्ता शेजारच्या दवाखान्यात जायचं. हे थांबण्यासारखं नाही.”

दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी दुकानातूनच उएजी-सानना फोन लावला. आवाज कोरडा होता. त्याला औषधंही कारणीभूत होती. “मी आज गाडी चालवू शकत नाही. येताना वळणावर माझा डोळा लागला होता. मधमाशी नव्हती.”

पलीकडून आलं, “मधमाशी?”

“ते सोडा. किल्ली मी आणून देतो.”

“कशाला?” उएजी-सान म्हणाले. “वनसहकारी संघाचा माणूस पाठवतो, तो सगळ्यांना वर सोडेल. मिनेओ-सान, आजारी पडल्यावर फोन करायचा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“हं. तुम्ही आजारी पडाल हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसरा ड्रायव्हर नेमायला हवा होता. तुम्हाला काढायला नव्हे, तुम्ही झोपाल त्या दिवसासाठी.”

दवाखान्यात जे झालं ते पडद्यामागे झालं. नळी घातली गेली, आणि बादलीत पडणारा आवाज बाहेर टोफूच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या तिघींनी ऐकला.

“बंधारा फुटला,” तात्सुए-सान म्हणाल्या.

होशिना-साननी किनु-सानना सगळं सांगितलं होतं. वर जाताना संघाच्या माणसाशेजारी मिनेओ बसले होते, धरणाच्या वळणावर किनु-सान एकदम म्हणाल्या, “तू नाही म्हणायचंस ना रे, मेल्या.”

“वाईट वाटलं असतं तुम्हाला.”

“वाटलं असतं. दोन दिवस. दरीत गेलो असतो तर जास्त वाटलं असतं.”

दोन आठवडे संघाच्या माणसाने व्हॅन चालवली. तो गाणी फार मोठ्याने लावतो अशी तक्रार तिघींनी वेगवेगळी कचेरीत पोचवली. मग मिनेओ परत आले, मास्क लावून. नाकात मारायचा एक फवारा, आणि त्याच्या जोडीला काही नाही. झोप येणारं काही घ्यावंच लागलं तर त्या दिवशी फोन, असं ठरलं होतं. तिघी चढल्या. कुणाच्या हातात पुडी नव्हती. किनु-साननी वाळवलेली पर्सिमनची फळं आणली होती.

“आता सर्दी कशी आहे, मिने-यान?” फुसानो-साननी विचारलं.

मिनेओंनी आरशात पाहिलं. “सर्दी नाहीये. झाडं आहेत. मी आणि साएने लावलेली.”

मग किनु-सान म्हणाल्या, “म्हणजे तुला जे व्हायचं ते तुमच्या दोघांच्याच सावलीमुळे. आमचा काही संबंध नव्हता.”

“नव्हता.”

“मग ती बाटली परत दे,” फुसानो-सान म्हणाल्या. “माझ्या भाच्याला खोकला झालाय.”

“मागचं वाचलंत का?”

“अक्षर बारीक आहे रे.”

मिनेओंनी चालू केलेलं इंजिन बंद केलं, खणातून बाटली काढली आणि तिच्याबरोबर भिंगही मागे दिलं. ते तिघींत फिरून परत येईपर्यंत व्हॅन हलली नाही.